सासऱ्यांच्या गॅरेजमधले जुने पार्ट विकायचेत, कुठला कशाचा हे ओळखायचं कसं?

मेघा_कराड

नमस्कार मंडळी. माझे सासरे कराडला दुचाकींचं गॅरेज चालवायचे. अधूनमधून जीप-टेम्पोचंही काम यायचं. मार्चमध्ये ते गेले. शेड भाड्याची आहे आणि मालकाला दिवाळीच्या आत मोकळी करून हवी आहे. आत पत्र्याचे डबे, गोण्या, लाकडी खोकी, सगळं जुन्या पार्टांनी भरलेलं. बरेचसे गाड्यांतून काढलेले, काही दुरुस्त करून ठेवलेले, थोडे कोरे पण खोकं हरवलेले.

मी शाळेत शिकवते. गाडीतलं मला फारसं कळत नाही, दिराला थोडंफार कळतं. सासऱ्यांना पार्ट हातात घेतला की तो कशाचा ते कळायचं, त्यामुळे त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. काही डब्यांवर खडूने "आर", "चे. जुना", "सीडी" एवढंच लिहिलेलं आहे.

भंगारवाला येऊन गेला. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं वेगळं करून द्या, किलोवर घेतो म्हणाला. आम्हाला पैशांची तशी निकड नाही. पण जे कुणाच्या गाडीला अजून बसेल ते भट्टीत जाऊ नये असं घरात सगळ्यांनाच वाटतं. आणि दुसरीकडे ही धास्ती आहे की मी चुकीचं नाव लावून काही विकलं आणि ते कुणाच्या चाकात नाहीतर ब्रेकमध्ये बसलं तर?

पिस्टन, बेअरिंगं, कार्बोरेटर, स्कूटरचे ड्रम, क्लचप्लेटा, मोठे दातेरी गिअर, इंजिनाचे अर्धे भाग एवढं मला नावानिशी ओळखता येतं. त्यापुढे कसं जायचं, सुरुवात कुठून करायची, ते कृपया सांगा.

जुनाबाजार_मंगळवार

ताई, एकेक पार्ट ओळखत बसलात तर पुढची दिवाळी येईल. गोण्या जमिनीवर पसरा, फोटो काढा, लॉट करून टाका. घेणारा ओळखून घेतो, त्याचं ते काम आहे. बुधवारी-रविवारी आमच्या जुन्या बाजारात असाच माल येतो आणि असाच जातो. किलोच्या दीडपट-दुप्पट तरी सहज सुटेल.

नानापेठ_काउंटर

मेघाताई, पुण्यात नाना पेठेत स्पेअरपार्टच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. आता दुकान मुलगा बघतो. वरच्या दादांचा सल्ला घाईच्या माणसासाठी ठीक आहे, पण तो पाळण्याआधी एक गोष्ट ऐका. गोण्या जमिनीवर ओतू नका. जो पार्ट ज्या डब्यात, ज्या चिंधीत, ज्या तारेत बांधलेला आहे तो तसाच राहू द्या. तुमच्या सासऱ्यांनी लिहून ठेवलं नसेल, पण काय कशाबरोबर ठेवायचं ते त्यांनी ठरवलं होतं आणि ती माहिती त्या डब्यांतच आहे. ओतलंत की ती गेली, मग मी काय आणि दुसरा कोण काय, सगळेच अंदाजाने बोलणार.

हे का सांगतो, तर गाडीत कितीतरी पार्ट जोडीनेच जगतात. दोन इंजिन केसिंग, म्हणजे तुम्ही म्हणता ते इंजिनाचे अर्धे भाग, डावं आणि उजवं, कारखान्यात एकत्र धरून मशिनवर चढवलेली असतात. एका इंजिनाचं डावं आणि दुसऱ्याचं उजवं घेतलं तर बोल्ट लागतील, पण क्रँकची बेअरिंगं एका रेषेत येतीलच असं नाही. मोठे दातेरी गिअर म्हणालात, ते जीप-टेम्पोचे क्राउन-पिनियन असावेत. ती चकती आणि तो लहान दांडा कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेला असतो आणि दोघांवर सारखाच जोडीचा नंबर कोरलेला सापडतो. नंबर जुळला तर ती वस्तू पैशांची, नाही जुळला तर दोन्ही भंगार, कारण वेगळी जोडी लावली तर डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) रडत राहतं आणि दात जातात. डिझेलच्या नोझलची सुई आणि तिचं बॉडी तसंच, पंपाचं एलिमेंट तसंच. कारच्या कनेक्टिंग रॉडची टोपी तशीच, रॉडवर आणि टोपीवर एकच आकडा ठोकलेला असतो. म्हणून पहिलं काम धुणं नाही, फोटो काढणंही नाही. प्रत्येक डब्याला नंबर द्या, आतला माल त्याच डब्यात ठेवून पुढचं करा.

आता धुणं. ब्रेकशू आणि क्लचप्लेटा कोरड्या ब्रशने झाडू नका, हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. बाकी माल डिझेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश आणि एमरी पेपर दूर ठेवा. पार्टाची ओळख ज्या शिक्क्यात असते तो पाव मिलिमीटरही खोल नसतो, घासून चकचकीत केलात तर दिसायला छान आणि ओळखीला मुका.

शिक्का वाचायचा कसा, तर तुमच्याकडे खडू आहेच. धुऊन वाळवलेल्या पार्टावर जिथे आकडे असल्याची शंका येईल तिथे खडू आडवा घासा आणि अंगठ्याने वरवर पुसा. खाचेत खडू राहतो, अक्षरं पांढरी उठून येतात. बॅटरीचा उजेड समोरून मारू नका, बाजूने, जवळजवळ पार्टाला टेकवून मारा. मग मोबाइलने फोटो काढा. आकडे वहीत उतरवताना जसे दिसतात तसेच उतरवा, मधल्या रेघा आणि मोकळ्या जागांसकट. आणि जे दिसत नाही तिथे टिंब द्या, मनाने भरू नका.

सापडलेला प्रत्येक आकडा पार्ट नंबर नसतो, इथे नवखे फार फसतात. ओतीव मालावर उठावाची अक्षरं असतात ती साच्यातून आलेली. तो ओतीव नंबर. एकाच ओतीव तुकड्यापासून पुढे वेगवेगळी भोकं पाडून दोन-तीन निराळे पार्ट होऊ शकतात. शेजारी एकटादुकटा १, २, ३ असतो तो साच्याच्या खणाचा. प्लास्टिकच्या पार्टावर आतल्या बाजूला घड्याळासारखं छोटं वर्तुळ असतं, मध्ये बाण आणि दोन आकडे. बाण महिना दाखवतो, आकडे साल. साल कळलं की कितीतरी मॉडेलं आपोआप गळतात.

खऱ्या नंबराला बांधणी असते. होंडाच्या, म्हणजे आपल्या हीरो होंडाच्याही, नंबरात आधी पाच आकडे, मग तीन अक्षरांचा गट, मग शेवटचा गट. पहिले पाच आकडे वस्तू कोणती ते सांगतात. १३१०१ म्हणजे पिस्टन, १६१०० म्हणजे अख्खा कार्बोरेटर. मधला गट कुठल्या मॉडेलसाठी पहिल्यांदा केला ते सांगतो. यामाहाचं उलटं, आधी तीन अक्षरांत मॉडेल आणि मग वस्तू, तिथे पिस्टन ११६३१. मारुतीत आधी पाच आकडे, मग एम, मग मॉडेलचा भाग. १६५१० एम असं सुरू होणारं काही दिसलं तर तो ऑइल फिल्टर. मधला मॉडेलचा गट शोधून मिळाला म्हणून पार्ट त्याच एका गाडीचा असं समजू नका. सीडी १०० साठी केलेला पार्ट पुढे स्प्लेंडरमध्ये वर्षानुवर्षं चालत राहिला अशी उदाहरणं ढिगाने आहेत. लिहिताना नंबर लिहा, गाडी खाली "बहुधा" म्हणून लिहा.

बेअरिंगांना तर गाडीचं नाव लावूच नका. त्यांच्या कडेवर एनबीसी, एसकेएफ, एफएजी असं काही आणि एक आकडा असतो, तेवढाच लिहा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं. ६२०४ म्हणजे २०, ६२०५ म्हणजे २५. ०४च्या खाली हा हिशेब चालत नाही: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ६२०३ हातात घेऊन मोजून बघा, आत १७, बाहेर ४०, जाडी १२ येईल. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. ६२०२ मोटरसायकलच्या चाकात येतं तसं छताच्या पंख्यातही येतं, तेव्हा घेणारा कुठला असेल ते तुम्ही कशाला ठरवता? वापरलेलं बेअरिंग धुऊन बोटावर दाबून सावकाश फिरवा. अडखळलं, निळसर झाक दिसली, किंवा गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके दिसले तर सरळ भंगारात, कितीही चांगल्या कंपनीचं असो.

खडूचं "आर" वाचून मला थोडी काळजी वाटते. आर म्हणजे आरएक्स १०० असू शकेल आणि राजदूतही असू शकेल, दोन्ही एस्कॉर्ट्सच्याच. गिऱ्हाईकात आज आरएक्सच्या मालाला जी मागणी आहे त्यापुढे राजदूत काहीच नाही, त्यामुळे घेणारा तुम्हाला राजदूत म्हणून सांगून आरएक्सचा भाव पाडू शकतो, आणि तुम्ही आरएक्स म्हणून राजदूतचा माल दिलात तर समोरचा चिडेल. या डब्यांतले तीन-चार पार्ट इथे सविस्तर लिहा. एक चांगला व्हर्नियर घ्या आणि कराडात सिलिंडर बोअर मारणारा कुणी असेल त्याची ओळख काढा. त्याच्याकडे मायक्रोमीटर असतो.

मेघा_कराड

काका, मनापासून आभार. गोण्या ओतायलाच निघालो होतो आम्ही, थांबलो. डब्यांना नंबर दिले. खडूची युक्ती तर इतकी छान चालली की आमची मुलं आता नंबर शोधायला भांडतात. (ब्रेकशूंचा डबा वेगळा बाहेर ठेवलाय.)

"आर" डब्यातल्या चार गोष्टी लिहिते.

एक, पिस्टन. वरून सपाटच, किंचित फुगीर. माथ्यावर बाण आणि ५० असा आकडा. व्हर्नियरने बाहेरचं माप ५० आणि थोडं वर. रिंगच्या दोन खाचा. दीर म्हणतो ५० म्हणजे स्प्लेंडर, कारण स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५०.

दोन, कार्बोरेटर. बाजूला मिकुनी असं उठावात. वरचं झाकण फिरवून उघडतं, आतून गोल दट्ट्या आणि सुई येते.

तीन आणि चार, इंजिनाचे अर्धे भाग, दोन जोड्या तारेने बांधलेल्या. एका जोडीवर नंबर स्पष्ट आहे, सुरुवात १एल१. दुसऱ्या जोडीवर जिथे नंबर असायला हवा तिथली जागा कानशीने घासल्यासारखी सपाट आहे, खडू लावूनही काही उठत नाही.

आणि "चे. जुना" डब्यात स्कूटरचे ब्रेकड्रम, मॅग्नेटच्या प्लेटा आणि बल्ब आहेत. ते सगळे चेतकचेच का?

नानापेठ_काउंटर

ताई, पिस्टन हातात धरून पुढचं वाचा.

स्प्लेंडरचा बोअर ५० आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५, हे दिराचं बरोबर. पण आरएक्स १०० चा बोअरही ५० आणि स्ट्रोकही ५०. मापाने दोघं सारखेच दिसणार, म्हणून व्हर्नियर बाजूला ठेवून रिंगच्या खाचा बघा. फोर-स्ट्रोकच्या, म्हणजे स्प्लेंडरसारख्या, पिस्टनला तीन खाचा, तिसरी रुंद आणि तिच्या तळाशी ऑइल परत जायला भोकं. टू-स्ट्रोकला, म्हणजे आरएक्ससारख्याला, ऑइल रिंग लागतच नाही. तुमच्याकडे दोनच खाचा आहेत. आता नखाने खाच चाचपत गोल जा. कुठेतरी एक बारीक टोक नखाला अडकेल. ती पिन. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, रिंग फिरत फिरत तिचं तोंड खिडकीवर आलं तर अडकून तुटेल, म्हणून पिन घालून रिंगला जागेवर धरलेलं असतं. पिन लागली तर स्प्लेंडरचा प्रश्नच संपला.

माथ्यावरचा ५० बोअर सांगतो असं वाटतं, पण तो बहुतेक ओव्हरसाइजचा आहे. सिलिंडर झिजला की बोअर मारून पाव-पाव मिलिमीटरने मोठा करतात आणि पिस्टनवर २५, ५०, ७५, १०० असे शिक्के येतात. म्हणजे हा ०.५० चा पिस्टन, ५०.५० च्या बोअरमध्ये जाणारा. खात्री बोरिंगवाल्याकडून करून घ्या. त्याला सांगा, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी आडवी जाड पिन, रिंगची बारीक पिन नव्हे) भोकाशी काटकोनात, खालच्या बाजूला स्कर्टवर माप घे. पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वर निमुळता असतो, माथ्यावर मोजला तर माप कमीच येणार. ५०.४५ च्या आसपास आलं तर माझं म्हणणं पक्कं.

आणखी मापं लक्षात ठेवायला सांगतो, दुसऱ्या डब्यांत लागतील. चेतक ५७, येझदी २५० ची ६५, बुलेट ३५० ची ७०, प्रीमियर पद्मिनी ६८, मारुती ८०० साडेअडुसष्ट. ही सगळी स्टँडर्ड बोअरची. पद्मिनी आणि मारुतीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे आणि पद्मिनीचा ०.५० चा पिस्टन मारुतीच्या स्टँडर्डच्या मापाला येतो, तिथे गजन पिनचं माप आणि तिच्यापासून माथ्यापर्यंतची उंची घेतल्याशिवाय बोलू नका.

कार्बोरेटर: गोल दट्ट्याचा मिकुनी म्हणजे आरएक्स असेलच असं नाही. त्या काळात मद्रासची यूकॅल मिकुनीच्या सहकार्याने कार्बोरेटर बनवायची आणि तो माल बऱ्याच गाड्यांत जायचा, इंड-सुझुकीतही. हीरो होंडात केहिन असतो, त्यामुळे तेवढं कोडं सुटलं. तुम्ही तीन मापं द्या: इंजिनाकडच्या तोंडाचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, आणि बोल्टवर बसणारा असेल तर दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. आत पितळी जेटवर आकडे असतात तेही लिहा, पण जेट बदललेले असू शकतात म्हणून त्यावरून गाडी ठरवू नका. दट्ट्या, सुई आणि बॉडी एकत्रच द्या. दट्ट्यावर उभे चरे पडले असतील तर ते फोटोत दाखवा, कारण तसा कार्बोरेटर स्लो रनिंगला कधीच नीट चालत नाही.

चेतकचा डबा: तिथे बजाज सुपरचा माल मिसळलेला असणार, हे जवळजवळ प्रत्येक गॅरेजात होतं. सुपरची चाकं ८ इंची, चेतकची १० इंची. डब्यात रिम किंवा जुना टायर-ट्यूब असेल तर ३.५०-८ की ३.५०-१० ते बघा, नसेल तर ड्रमचा आतला व्यास मोजून सारख्या-सारख्यांचे गट करा. मॅग्नेटच्या प्लेटेवर पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट होणारा छोटा संपर्क) आहे का ते पाहा. पॉइंट असेल तर जुन्या पद्धतीची, नसेल आणि सगळ्या कॉइलच असतील तर इलेक्ट्रॉनिक. दोन्ही वेगळी विका. बल्बवर ६ व्होल्ट की १२ व्होल्ट ते लिहिलेलं असतं. ड्रमचा आतला पृष्ठभाग बोटाने चाचपा, कडेला उभा कंगोरा लागला म्हणजे तो खूप झिजला. भेग दिसली तर तो ड्रम कुणालाही, फुकटसुद्धा, देऊ नका.

इंजिनाच्या घासलेल्या केसिंगबद्दल माझ्यापेक्षा कागदपत्रं बघणाऱ्याने बोलावं. माझं मत एवढंच की ती जोडी आज बाजूला काढून कुलपात ठेवा.

पासिंगवाला_सातारा

ताई, मी आरटीओची कामं करतो, म्हणून या मुद्द्यावर लिहितो.

गाडीची ओळख सरकारदरबारी दोन नंबरांवर चालते, चेसिस आणि इंजिन. त्यामुळे पिस्टन विकणं आणि नंबर असलेलं केसिंग विकणं या एका मापाच्या गोष्टी नाहीत. नंबरचं केसिंग दुसऱ्या गाडीत बसलं म्हणजे ते इंजिन बदलणं झालं आणि त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंद लागते. गाडी मोडीत काढली असेल तर मालकाने १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची, हे कलम ५५. सासऱ्यांच्या कागदांत कुठे रद्द झालेल्या आरसीची प्रत, जुनं बिल, गाडी लिहून दिल्याचा कागद असं काही आहे का ते आधी शोधा.

१एल१ वाल्या जोडीचा पूर्ण नंबर कागदावर पेन्सिलीने घासून छाप घ्या, पासिंगला चेसिसचा घेतो तसाच. मग एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) "वाहन समन्वय" सेवेत इंजिन नंबर टाकून गाडी चोरीला गेलेली म्हणून नोंद आहे का ते बघता येतं. त्या निकालाची प्रत काढून ठेवा. नोंद नसेल आणि कागद सापडला तर कागदासकट विका, घेणाऱ्याचं आधार आणि गाडीची आरसी बघून, सहीची पावती करून. कागद नसेल तर माझ्या मते विकू नये. आणि नंबराचा पूर्ण फोटो इंटरनेटवर टाकू नका, असे नंबर उचलून दुसरीकडे ठोकले जातात.

घासलेला नंबर असलेली जोडी विकायची तर नाहीच, तोडून भंगारातही घालायची नाही. गॅरेजवाल्यांकडे असा माल जुन्या लॉटमधून नकळत येतो, त्यात सासऱ्यांवर काही ठपका येतो असं मनात आणू नका. पण आज ती वस्तू तुमच्या ताब्यात आहे आणि तुम्हाला ते कळलेलं आहे. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, पूर्वीचं आयपीसी ४११. वारसा हक्काने गॅरेजचा माल ताब्यात आला, आवराआवरीत हे सापडलं, असा साधा अर्ज लिहून पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. दिराला आणि गावातल्या एखाद्या वकिलाला बरोबर न्या.

जावा_बेळगाव

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. बेळगावात जुन्या जावा-येझदी उभ्या करतो. आम्हा लोकांना "दुर्मिळ", "ओरिजिनल", "मिळणार नाही" असले शब्द वाचून काही कळत नाही. माप आणि शिक्का कळतो. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ ला सुरू झाला आणि १९९६ ला बंद पडला, तेव्हा आम्ही जगतो ते अशाच गॅरेजांच्या डब्यांवर.

मेघाताई, डब्यांत जिकोव्ह नावाचा कार्बोरेटर किंवा पाल असा शिक्का असलेली विजेची वस्तू दिसली तर ती सुरुवातीच्या जावांची चेकोस्लोव्हाकियाची. ती घासू नका, तिच्यावरचा जुना रंगही राहू द्या. एकाच दांड्यावर गिअरही आणि किकही अशी लिव्हर दिसली तर ती आमचीच. आणि बोल्ट-नट टाकून देऊ नका! मेट्रिक पाना नीट बसत नसेल तर तो माल जुन्या बुलेटचा किंवा जीपचा असू शकतो, त्यांचे आटे इंची मापाचे. असे नट आज नवे मिळवताना घाम फुटतो.

क्रोमच्या रिंगा, मूठ, बटणं असल्या किरकोळ वस्तूंना लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर पितळ असण्याचा संभव आहे, आणि पितळेवरचं क्रोम परत चढवता येतं.

शॉकअपचे दांडे असतील तर काचेवर लोळवून बघा. खाली उजेडाची फट उघडमीट झाली तर दांडा वाकलेला. सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, पण पुढच्या चाकाचा दांडा आहे तो. मी तसला घेत नाही आणि दुसऱ्याला विकलेला मला आवडत नाही.

मेघा_कराड

सगळ्यांचे खूप आभार. घासलेल्या केसिंगचा अर्ज दिला, पोच मिळाली. १एल१ वाल्या जोडीचा कागद सासऱ्यांच्या ट्रंकेत शोधतोय, सापडेपर्यंत ती कुलपातच राहील. क्राउन-पिनियनच्या तीन जोड्या निघाल्या, दोघींचे नंबर जुळले, तिसरीचे नाहीत.

बोरिंगवाल्याने पिस्टन मोजून दिला आणि सासऱ्यांचं नाव ऐकून पैसे घेतले नाहीत. पिन सापडली, अगदी काका म्हणाले तशी नखाला अडकली. पहिलं लेबल असं लिहिलंय, बरोबर आहे का सांगा, मग याच पद्धतीने पुढची लिहिते:

"डबा ४, नग १. पिस्टन, वापरलेला, टू-स्ट्रोक. रिंगच्या दोन खाचा, दोन्हींत पिन. माथ्यावर बाण व ५० हा शिक्का, दुसरा कुठलाही नंबर दिसत नाही. स्कर्टवर माप ५०.४५ मिमी, मायक्रोमीटरने. आरएक्स १०० चा ०.५० ओव्हरसाइज. चालू स्थितीत. रिंग नाहीत."

नानापेठ_काउंटर

छान लिहिलंय. तीन दुरुस्त्या करा.

"आरएक्स १०० चा" च्या आधी "बहुधा" घाला, कारण नंबर दिसलेला नाही, आपण मापावरून आणि डब्यावरून बोलतोय. गजन पिनचं भोक मोजून ते माप टाका, घेणारा स्वतःच्या पिनेशी ताडून बघेल आणि बहुधा काढून टाकायचं की नाही ते तोच ठरवेल. आणि "चालू स्थितीत" खोडा. सुटा पिस्टन चालू आहे हे कुणालाच सांगता येत नाही. त्याजागी डोळ्यांना दिसतं ते लिहा: स्कर्टवर उभे ओरखडे आहेत का, असतील तर बाणाच्या बाजूला की मागे, रिंगच्या खाचेची कड कुठे तुटली आहे का, माथ्यावर खड्डे आहेत का. बाण एक्झॉस्टकडे असतो, आणि टू-स्ट्रोक जाम होतो तेव्हा ओरखडे बहुतेक त्याच बाजूला पडतात, घेणारा पहिली नजर तिथेच टाकणार. तो फोटो जवळून घ्या, तिरप्या उजेडात.

क्राउन-पिनियनची ती तिसरी जोडी किलोवर द्या. पण देण्याआधी डबा पुन्हा एकदा तळापर्यंत बघा, आणि शेजारचेही बघा. त्यांचे खरे जोडीदार तिथे असू शकतील.